पावशेर चुका

माझी सून म्हणते, "आई, तुम्ही फोनवर बोलता तेव्हा फोनची गरजच नसते. तुमचा आवाज असाच पोचतो." खरं आहे तिचं. पेणला आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून मी भाजीवाल्याला हाक मारली की खालचा कुत्रा दचकून उठतो. पण त्या बिचारीला काय माहीत, की हीच बाई एक अख्खा पावसाळा कुजबुजत जगली आहे. भूक लागली तर कुजबुजून सांगायचं, भांडायचं तर कुजबुजून, रडायचं तर तोंडात परकर कोंबून. माझ्या धाकट्या बहिणीला, नलीला, तेव्हा शिंक आली तरी ती नाक दाबून अंगणाच्या टोकापर्यंत पळत जायची आणि पेरूच्या झाडाखाली शिंकून परत यायची. त्या पावसाळ्यात जे साचलं ते मी पुढं आयुष्यभर बोलून घेतलं, अजून संपलेलं नाही.

आमचं माहेरचं घर पेणजवळ गडबला. हायवेच्या दुकानांच्या मागनं एक वाट आत जाते, तिच्या शेवटी. घराच्या पुढं अंगण, पेरू, कोंबड्यांचा खुराडा, आणि घराच्या पाठीला सरळ खारातली भातशेती, ती थेट खाडीपर्यंत. मध्ये झाड म्हणून नाही. त्यामुळं पावसाळ्यात खाडीवरून उठलेला वारा वाटेत कुणाला न विचारता आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर येऊन आदळायचा. पाऊस वरून पडायचाच नाही, आडवा यायचा. भिंत कच्च्या विटांची, मातीनं लिंपलेली. अशी भिंत झडीत उघडी ठेवली तर गणपतीपर्यंत तिचा चिखल होतो. बाकी लोक दरसाल नारळाच्या झावळ्या विणून त्यांचे झाप भिंतीला बांधायचे. आमचा आजा तेवढ्यावर राहणारा नव्हता. तो पेणला एका तेलाच्या दुकानात हमाली करायचा. तिथले रिकामे डबे तो घरी आणायचा, कापून, ठोकून सपाट करायचा, आणि भिंतीत बसवलेल्या लाकडी पट्ट्यांवर एकावर एक चढवत मारायचा. खालून सुरुवात, वरचा पत्रा खालच्यावर थोडा चढलेला, माशाच्या खवल्यांसारखा. वर्षानुवर्षं करून त्यानं अख्खी भिंत मढवली. गावात आम्हाला 'डब्यांच्या घरातले' म्हणत. शाळेत मला या गोष्टीची लाज वाटायची, पण अक्षरं मी त्याच भिंतीवर शिकले हेही खरं. 'शुद्ध', 'गोडेतेल', 'वजन', आणि एक मोर. त्यातला एक पत्रा आज्यानं उलटा मारला होता. त्यावरचा मोर कायम डोक्यावर उभा. नली लहान असताना त्याला 'पडलेला मोर' म्हणायची.

बाबा रोह्याजवळ धाटावला कंपनीत होता, बॉयलरवर. गडबच्या थांब्यावरून रोह्याची यष्टी, पुढं मिळेल ते. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रातपाळी. आमच्या घरातलं कॅलेंडर या तीन आठवड्यांचं होतं, वार आणि तिथ्या नंतर. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी घरी यायचा, तांदळाची भाकरी आणि काहीतरी कोरड्यास खायचा, आणि माजघरात, पश्चिमेच्या भिंतीला लागून वळकटी पसरून आडवा व्हायचा. त्या क्षणापासून घर बंद. उखळ बंद, पाटा बंद, रेडिओ तर देवाघरीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोडणी बंद. मोहरी तडतडते, मिरचीचा ठसका उठतो, माणूस जागा होतो. म्हणून आय रातपाळीच्या आठवड्यात सगळं बिनफोडणीचं शिजवायची. बिनफोडणीचं वरण, बिनफोडणीची भाजी. वालाचं बिरडंसुद्धा नुसतं उकडून, मीठ आणि खोबरं घालून. ज्यानं वालाचं बिरडं लसणाच्या फोडणीचं खाल्लंय त्याला मी काय सांगते ते कळेल. मी एकदा ताट सरकवून कुजबुजत म्हणाले, "आजाऱ्याचं जेवण हाय हे." आयनं तितक्याच हळू आवाजात सांगितलं, "बापूस आजारी पडला तर हे पन मिलायचं नाय. गिळ."

बाबा आजारी नव्हता. त्याला झोप लागत नव्हती, एवढंच. पण एवढंच म्हणता म्हणता त्याचे डोळे आत गेले, दाढीचे खुंट वाढले, आणि हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला. त्याचं म्हणणं, भिंत वाजते. आणि वाजत तर होतीच. आषाढाचा वारा सुटला की पत्र्यांच्या खालच्या कडा उचलायच्या आणि पडायच्या. ठप्प. मग काही नाही. तुम्ही वाट बघत राहायचं. वाट बघणं सोडलंत की पुन्हा ठप्प, ठप्प-ठप्प. एका लयीत वाजली असती तर माणसाला सवय झाली असती. यष्टीच्या इंजिनात झोपणारी माणसं आम्ही. पण या वाजण्याला ना ताल ना तंत्र. बाबा तिरीमिरीत उठायचा, उघड्या अंगानं मागच्या दारानं बाहेर जायचा आणि पावसात भिंतीसमोर उभा राहायचा, कोणता पत्रा ते धरायला. तो उभा राहिला की एकही पत्रा हलायचा नाही. तो आत येऊन आडवा झाला की ठप्प. "माझी मस्करी करते ही भिंत," तो म्हणायचा, आणि हसायचा नाही.

एका सकाळी त्यानं भाकरी तोडता तोडता सांगितलं, की रातपाळीत त्याला डुलकी लागली. उभ्या उभ्या, बॉयलरच्या समोर. साहेबानं बघितलं. पहिली वेळ म्हणून समज देऊन सोडलं, पुन्हा दिसलं तर घरी बसायला सांगणार. आयचा हात तव्यावर तसाच राहिला, भाकरी करपली. नोकरीचं तिला भय वाटलंच असेल, पण तिनं विचारलं ते वेगळंच. "बॉयलर फुटला असता म्हंजे?" बाबा म्हणाला, "तसा नाय फुटत." आय म्हणाली, "कसा फुटतो?" बाबा भाकरी खाली ठेवून म्हणाला, "रोह्याला कंपनीतल्या एकाची खोली हाय. सिमेंटची. रातपाळीला मी तिथं निजेन. म्हंजे नंतर बाकीच्या आठवड्यालापन तिथंच बरं पडंल. सुट्टीला इकडं येत जाईन."

आमच्या वाटेवर दोन घरं अशी होती जिथला बाप सुट्टीला यायचा. सुट्टीला येणारा बाप खाऊ आणतो, पण त्याच्यासमोर पोरं उभी राहतात कशी, पाहुण्यासमोर उभी राहतात तशी. समोरच्या हुस्नाभाबीचा नवरा कुवेतला. वर्षा-दोन वर्षांनी तो यायचा तेव्हा तिची मुलं पहिले काही दिवस त्याला बघून तिच्या मागे लपायची. पण कुवेत ते कुवेत, तिथनं रोज येता येत नाही. रोह्यावरून येता येतं आणि तरी येत नाही, हे मला सहन होणार नव्हतं. आयलाही नव्हतं. तिनं करपलेली भाकरी कोंबड्यांना टाकली आणि म्हणाली, "सकालची पाली येऊ दे तुमची. तेवढा एक आठवडा मला द्या. भिंत मी गप करते."

"तू?"

"मंग कोन? तुमचा मेलेला बापूस येनार हाय काय?"

आय आणि मी पेणला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात तिनं पावशेर चुका मागितल्या. हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगते, चूक म्हणजे बारीक खिळा. माझ्या नातवाला मी एकदा म्हणाले, "ड्रॉवरमधल्या चुका दे रे," तर तो माझ्याकडे बघत बसला, आजी माफी मागतेय की काय म्हणून. तर दुकानदार चुका मोजताना आयला म्हणाला, "वैनी, घरात कमी पडल्या काय चुका?" आय फट्कन म्हणाली, "आमच्या सरल्या. तुमच्या लय दिसतात, द्या त्यातल्या." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. येताना यष्टीत ती पुडी मांडीवर धरून बसली होती आणि खिडकीतनं बाहेर बघत होती. तोंडानं ती कुणाला हार जायची नाही, पण पुडी इतकी घट्ट धरली होती की कागद फाटून दोन-तीन चुका तिच्या लुगड्यात अडकल्या.

सकाळच्या पाळीचा आठवडा आला. बाबा अंधारात निघून गेला की आम्ही भिंतीला भिडायचो. श्रावण लागला होता, पावसाला मधनं मधनं उघाडी होती. आय शिडीवर, मी खाली पत्रे धरायला, आणि नलीकडे चुकांची वाटी. ढिले पत्रे एकेक करून उचकटले. कुजलेल्या पट्ट्या काढून बांबूच्या नव्या ठोकल्या. आणि पत्र्यांच्या मागून काय निघालं! खालच्या कडेला जागोजागी काळ्या, कुजक्या केसांचे बोळे. हात लावला की भुगा. "शीः! चिमन्यांनी घरटी करून ठेवलीत," आय म्हणाली. मी टोपली भरभरून ती घाण उकिरड्यावर नेऊन टाकली, आणि भिंत आतून अशी स्वच्छ झाडली की आज्याला आनंद झाला असता असं मला वाटलं. मग आयनं पत्रे परत चढवले. आज्यानं पत्रा फक्त वरच्या कडेला मारलेला असायचा, खालची कड मोकळी. आय म्हणाली, "हीच तर भानगड. मोकली सोडली म्हनून वाजते." तिनं प्रत्येक पत्र्याला चारी बाजूंनी चुका मारल्या. गच्च. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिथं शंका आली तिथं मध्येपण. माझा अंगठा एकदा हातोडीखाली आला, नख काळं पडलं, आणि सवयीनं मी कुजबुजत बोंबलले. आय शिडीवरून म्हणाली, "वरड गो मोठ्यानं, बापूस नाय घरात." पण तोवर ओरडायची वेळ गेली होती.

झालेली भिंत बघायला हुस्नाभाबी आली. उंच, गोरी, डोक्यावर कायम ओढणी, आणि आमच्या घरातलं बरं-वाईट पहिलं तिला कळायचं. तिनं हातानं पत्रे दाबून बघितले. "मजबूत केलंस गो," ती म्हणाली. "वारा काय, वाऱ्याचा बापूस आला तरी हालायचा नाय." त्या दिवशी आयनं लसणाची फोडणी देऊन बिरडं केलं, आणि बाबा पाळीवरून आला तेव्हा त्याला हात धरून घराच्या मागं नेलं. त्यानं भिंतीवर थाप मारली. भिंत गप्प. तो आयकडे बघून जे हसला ते मला फार दिवसांनी दिसलं होतं.

पुढच्या रातपाळीला तो सकाळी आला, जेवला, निजला. वारा होता, भिंत हूं नाही की चूं नाही. आम्ही तिघी स्वयंपाकघरात एकमेकींचे हात धरून बसलो होतो. आणि मग ऊन पडलं. श्रावणातलं ऊन, पाच मिनिटं कडकडीत, मग सर, मग पुन्हा ऊन. पत्रा तापला. तापला की पत्रा फुगतो हे आयला माहीत होतं, कुणाला माहीत नसतं? पण चारी बाजूंनी जखडलेला पत्रा फुगून जाणार कुठं? टण्ण! बंदुकीसारखा आवाज. मी दचकून उभी राहिले. सर आली, पत्रा थंड झाला, टण्ण! आता एक पत्रा नाही, अख्खी भिंत. इथं टण्ण, तिथं टण्ण, वरच्या कोपऱ्यात टण्ण. आधीचं ठप्प-ठप्प याच्यापुढं अंगाईगीत होतं. कोंबड्या खुराड्यात पळाल्या. नलीनं कानात बोटं घातली आणि आयकडे बघितलं. आय भिंतीकडे बघत होती, जणू घरच्या माणसानं चारचौघांत तिच्या तोंडात मारली.

बाबा माजघरातून बाहेर आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आयच्या खांद्यावर हात ठेवला, "लय केलंस तू," म्हणाला. मग आत जाऊन वळकटी गुंडाळली, दोरीनं बांधली, खांद्याला लावली. मी म्हणाले, "बाबा, ऊन गेलं की थांबंल." तो म्हणाला, "व्हय." आणि यष्टीच्या थांब्याकडे चालायला लागला. मी मागनं त्याच्या पाठीवरची ती वळकटी बघत राहिले. कामाला जाणारा माणूस डबा घेऊन जातो, अंथरूण घेऊन जात नाही.

तो गेल्यावर आमच्यावर आवाजाची कसलीच बंदी उरली नाही, आणि घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. भिंत दिवसभर तिचं टण्ण-टण्ण करायची. आय उगाच या खोलीतनं त्या खोलीत फिरायची, तांदूळ निवडायला घ्यायची, अर्धवट टाकायची, मागच्या दारात जाऊन उभी राहायची. रोह्याची यष्टी हॉर्न देऊन गेली की आम्ही तिघीही एकमेकींकडे न बघता ऐकायचो, वाटेवर पावलं येतात का. सुट्टीच्या दिवशी निरोप आला, की बाबा कुणाच्या तरी बदल्यात काम करतोय, येत नाही. विहिरीवर एका बाईनं आयला विचारलं, "काय गो, रोह्याला दुसरं बिऱ्हाड केलंन काय तुझ्या नवऱ्यानं?" आय घागर भरून घेऊन आली आणि उंबऱ्याशी आल्यावर अख्खी घागर अंगणात ओतून दिली. मग परत भरायला गेली, त्याच विहिरीवर, त्याच बाईसमोर. माझी आय अशी होती.

हुस्नाभाबीच्या घरी मी एक दिवस साखर मागायला गेले. वारा होता आणि तिचं दार उघडं होतं, आणि ते दार आदळत नव्हतं. आमच्याकडचं प्रत्येक दार आदळायचं. मी वाकून बघितलं, तर चौकटीला दार जिथं टेकतं तिथं तिनं जुन्या रबरी चपलेचा एक तुकडा मारून ठेवला होता. दार येतं, रबरावर मऊ टेकतं, परत जातं. मी साखर तिथंच विसरून धावत घरी आले आणि आयला हाताला धरून तिच्या दारापुढं आणून उभी केली. आयनं दार एकदा लोटलं, दोनदा लोटलं. मग एकदम कपाळावर हात मारून तिथंच खाली बसली.

"घरटी नवती ती," ती म्हणाली.

"कसली घरटी?" हुस्नाभाबी गोंधळली.

"मामंजींनी काथ्या घातला होता, भाबी! पत्र्याखाली, जिथं आपटतो तिथं. कुजला म्हनून वाजायला लागला. आनि आमी शहान्यांनी तो उकिरड्यावर नेऊन टाकला!" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग ते कसलं पाणी आहे ते कळेनासं झालं. हुस्नाभाबीनं तिला उठवलं, तोंड धुवायला लावलं, चहा पाजला आणि म्हणाली, "काथ्या पुन्ना कुजंल. चपल घाल. चपलेला मरान नाय."

मग आम्ही चपला गोळा करायला निघालो. हल्ली तुटकी चपल कुणाकडं मागितली तर वेड्यात काढतील, पण तेव्हा कुणाच्याही घरामागं एखादा जोड सापडायचा. निळे पट्टे, लाल पट्टे, टाचेशी झिजलेल्या, कुत्र्यानं चावलेल्या. हुस्नाभाबीनं कुवेतच्या जाडजूड चपलांचे दोन जोड दिले, "हे त्यानं आनायला नको होते, मापाचे नाय," म्हणाली. विळीवर बसून आम्ही त्यांचे सुपारीएवढे गोल कापायचो. मग आय शिडीवर. आधी मारलेल्या खालच्या, बाजूच्या सगळ्या चुका पक्कडीनं उपटायच्या. वरची कड तशीच ठेवायची. खालच्या कडेमागं रबर घालायचं, पुढून एक रबर लावायचं आणि दोन्हींतनं एकच चूक मारायची, तीपण पुरती नाही. थोडी ढिली ठेवायची, म्हणजे पत्रा तापला की त्याला हलायला जागा राहील आणि हलला तरी रबरावर हलेल. "आता पुरती नाय मारायची गो," ती स्वतःलाच बजावायची, "अर्धी. चूक अर्धीच करायची." सगळी भिंत निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरत चालली. उलट्या मोराच्या डोक्याखाली लाल रबर आलं, ते नलीनं मुद्दाम निवडलं होतं.

खालची शेवटची ओळ उरली आणि रबर संपलं. गावातल्या चपला संपल्या. राहिला एकच जोड, दाराआड ठेवलेला. बाबाच्या घरात घालायच्या चपला. तो रोह्याला जाताना बूट घालून गेला होता, या इथंच राहिल्या होत्या, एकीचा अंगठा दुसरीवर चढलेला, जशा त्यानं काढल्या तशा. आयनं त्या दिवसांत झाडू मारतानाही त्या हलवल्या नव्हत्या. मी त्या उचलून विळीजवळ आणल्या. हुस्नाभाबी माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "ठेव! जित्या मान्साच्या चपला कापू नये." आयनं त्या माझ्या हातून घेतल्या, परत दाराआड नेल्या, आणि अगदी तशाच ठेवल्या, एकीचा अंगठा दुसरीवर. मग पायातल्या आपल्या हिरव्या पट्ट्यांच्या काढल्या, विळीवर बसली आणि कराकरा कापायला लागली. "आये, तू काय घालशील?" मी विचारलं. "पाय," ती म्हणाली. तिच्याकडं तो एकच जोड होता.

पुढच्या रातपाळीच्या आठवड्यात बाबा पहिल्यांदा आला. रातपाळी संपवून सरळ, सकाळचाच, हातात वेलची केळ्यांचा घड, खांदा मोकळा. वळकटी तिकडंच होती हे मी पहिलं बघितलं. तो पाहुण्यासारखा ओटीवर बसला. नली माझ्या मागे उभी राहिली, आणि मला तिला एक रट्टा द्यावासा वाटला. आयनं त्याला मागं नेलं. तो त्या ठिपक्यांच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला. एका पत्र्याची कड बोटानं उचलली, सोडली. आवाज नाही. मग त्याची नजर खाली आयच्या पायांकडे गेली. चिखलानं घोट्यापर्यंत भरलेले. त्यानं भिंतीवरच्या शेवटच्या ओळीकडे बघितलं, तिथल्या हिरव्या पट्ट्याच्या रबराकडे, आणि आत जाऊन दाराआडच्या चपला पायात घातल्या.

आयनं त्याला दुसरी गोधडी पसरून दिली. तो आडवा झाला. वारा सुटला होता, ऊन-पावसाचा खेळ चालला होता. भिंत गप्प. जे काही हालत होतं ते मऊ हालत होतं, कान लावला तर धप्प असं, दूरच्या घरात कुणी उशी ठेवावी तसं. आम्ही तिघी दाराआड उभ्या. नलीनं नाक दाबलं होतं. मी फटीतून बघितलं. बाबाचे डोळे सताड उघडे, आढ्याकडे.

आय आत गेली. कुजबुजली, "आता काय वाजतं?"

"काय नाय वाजत."

"मंग?"

"रोह्यालापन नाय लागत," बाबा म्हणाला. "तिथं तर कायच वाजत नाय. डोलं मिटलं का बॉयलर दिसतो. आज निजलो नाय तर राती डुलकी लागंल, डुलकी लागली तर काय व्हईल, हेच. इथं तुमी दाराआडनं बघताव माझा डोला लागला का. तिथं मीच बघतो." आणि मग फार हळू म्हणाला, "भिंतीचं उगाच नाव झालं."

एवढं ऐकलं आणि आयचा बांध फुटला. ती जी ओरडली ती हायवेवर ऐकू गेली असेल. "मंग हे आधी बोलायला काय झालं होतं? आँ? माझ्या चपला गेल्या, पोरीचं नख गेलं, विहिरीवर रांडा नाय नाय ते बोलल्या, आनि तुमाला रोह्यालापन झोप नाय? मंग निजूच नका! जागं रहा! मी काय आता जीभ गिलून बसायची नाय. कोन बघतंय तुमाला! मला कामं हायत!" आणि ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. तांब्या आपटला, कढई चुलीवर आदळली. नलीला म्हणाली, "शिंक मेले, काय नाक धरून उभी हायस!" नली अशी शिंकली की कोंबड्या ओरडायला लागल्या. आयनं तेल ओतलं, मोहरी टाकली, लसूण ठेचून टाकला, आणि रागाच्या भरात लाल मिरच्यांची मूठ. फोडणी अशी उसळली की धुरानं घर भरलं. आम्ही तिघी खोकत सुटलो, डोळ्यांतून पाणी, आय खोकता खोकता बाबाला, कंपनीला, रोह्याला, वाऱ्याला शिव्या घालत होती. समोरून हुस्नाभाबी ओरडली, "काय झालं गो? घर जालतेस काय?" आय ओरडली, "बिरडं करते! ये खायला!" मी सुपातले वाल डब्यात ओतले, ते मुद्दाम उंचावरून. किती महिन्यांनी आमच्या घरात घराचा आवाज होता.

मध्येच नलीनं माझा परकर ओढला आणि बोट दाखवलं. माजघरातून एक नवाच आवाज येत होता. आधी मला कळलाच नाही. बाबा घोरत होता. तोंड उघडं, एक हात छातीवर, डोळे मिटलेले, पायात चपला तशाच. आयनं हातातली पळी अलगद, अगदी अलगद खाली ठेवायला घेतली. मग थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पळी कढईवर खणकन आपटली. बाबा हललाही नाही. आयनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून बसली, हसत की रडत ते मी विचारलं नाही. मिरचीचा ठसका होताच, त्याच्यावर घालता आलं असतं.

आता पेणच्या माझ्या खोलीला सरकत्या काचा आहेत. सून त्या लावून घेते, आई, शांत झोपा म्हणते. मी तिच्या पाठीमागं एक फट उघडी ठेवते. स्वयंपाकघरात तिनं भांडी घासायला काढली की मला हमखास डुलकी लागते, आणि ती बिचारी भांडी हळू ठेवायला लागली की मी जागी होते. तिला सांगितलं तर पटणार नाही.

बाबा उठला तेव्हा दिवस कलला होता. बिरडं पार आळून गेलं होतं, हुस्नाभाबी जेवून गेली होती. तो ओटीवर येऊन बसला, चेहऱ्यावर गोधडीच्या टाक्यांचे वळ. आयनं चहा आणून ठेवला. कप बशीवर वाजला नाही. त्यानं अर्धा चहा प्याला, पेरूकडे बघत राहिला आणि म्हणाला, "उद्या पालीवरनं येताना वळकटी घेऊन येतो."

"आना," आय म्हणाली. तिनं चिखलाचे पाय त्याच्यासमोर उंबऱ्यावर ठेवले. "पन आधी बाजारात जा आनि चपला आना. बाईमान्साच्या."